मीटर म्हणतं बारा, गाडीत मिट्ट काळोख

कन्नडचा घाट उतरताना गाडीतली भांडी अशी काही वाजली, की बायको म्हणाली, "वरातच निघालीये आपली." मी हसलो. भांड्यांबरोबर त्या घाटात आणखी काय सैल झालं होतं, ते तिसऱ्या रात्री कळलं.

आमची गाडी म्हणजे तेरा सीटची जुनी व्हॅन. सीटा काढून पलंग, ओटा, सिंक आणि पाण्याची टाकी बसवून घेतलेली. आम्ही तिला मोटरहोम म्हणतो, सोसायटीचा वॉचमन तिला ॲम्ब्युलन्स म्हणतो. इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची वेगळी. घराच्या बॅटरीवर सहा एलईडी दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि मोबाईल चार्जिंग चालतं. जानेवारीत खानदेश फिरायचा, हॉटेलात राहायचं नाही, आणि वांग्याचं भरीत सापडेल तिथे खायचं, एवढाच बेत होता.

पहिला दिवस चाळीसगावचा. पाटणादेवीला सकाळी गेलो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथे मठ काढला होता. तसा शिलालेखच पाटणला सापडला आहे. दुपारी केकी मूस यांचं घर पाहिलं. १९१२ साली जन्मलेला, इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा कलावंत १९८९ मध्ये जाईपर्यंत आयुष्याची कित्येक दशकं त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, दिवे हवे तसे वळवायचे आणि फोटोत आख्खा निसर्ग उभा करायचा. एका दिव्यातून माणूस काय काय काढू शकतो, हे पाहून बाहेर पडलो. माझ्याकडे सहा होते.

दुसऱ्या दिवशी भडगावमार्गे एरंडोल. पद्मालयाला दोन गणपती शेजारी शेजारी, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. समोरचं तळं कमळांचं. रात्री एरंडोलजवळच एका पंपाच्या आवारात थांबलो आणि पहिली खूण मिळाली. एक दिवा लावला तर ठीक जळायचा. सगळे लावले की सगळेच काजव्यासारखे व्हायचे. मी म्हटलं, बॅटरी उतरली असेल. उद्या दिवसभर गाडी चालली की चढेल. इथे मी जरा थांबून विचार केला असता तर पुढचं टळलं असतं. पण ताटात गरम कळण्याची भाकरी आणि ठेचा होता.

तिसऱ्या संध्याकाळी पारोळ्याच्या अलीकडे, राष्ट्रीय महामार्ग ५३ वरच्या एका ढाब्यावर गाडी लावली. बटण दाबलं. काही नाही. दुसरं, तिसरं, सहाही. मिट्ट. गंमत म्हणजे पंखा फिरत होता आणि मोबाईल चार्ज होत होता.

मी यूट्यूब विद्यापीठाचा पदवीधर. मल्टिमीटर काढलं. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे चांगली भरलेली. ढाब्यावरून २३० व्होल्टची वायर ओढून चार्जर लावला, त्याचा हिरवा दिवा लागला, आमचे नाही. फ्यूज काढला. तो डोळ्यांना धडधाकट दिसला तरी आत बारीक तडा असू शकतो, म्हणून दोन्ही पायांना मीटर लावून पाहिलं. मीटर पी पी करून वाजलं, म्हणजे फ्यूज शाबूत. मग एक दिवा छतातून उचकटला आणि त्याच्या दोन वायरींवर मोजलं: १२.४. म्हणजे वीज दिव्यापर्यंत येते आहे! तर दिवा गेला असणार. नवा लावला. नाही. एलईडीला लाल-काळी वायर उलटी लागली तर तो पेटत नाही, म्हणून अदलाबदल करून पाहिली. नाही. आणि सहा दिवे एकाच संध्याकाळी मरतील, हे तर साथीच्या रोगातही होत नाही.

गाडी ज्याने बांधून दिली त्याला फोन केला. "फ्यूज बघा सर," म्हणाला. पाहिला म्हटल्यावर त्याची रेंज गेली.

ढाब्याच्या मालकाने एवढा वेळ मोबाईलचा टॉर्च धरला होता. तो म्हणाला, "तात्यासले बलावतो." तात्या ट्रॅक्टरची वायरिंग आणि शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करतात. मोटरसायकलवरून आले, मफलर कानाला, खिशात पक्कड.

"काय व्हयनं दादा?"

मी आकड्यांसकट सगळं सांगितलं. १२.४ वर जरा जोर दिला. त्यांनी माझ्या मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून इंडिकेटरचा एक जुना बल्ब काढला, त्याला दोन वायरी डकवलेल्या. काढलेल्या दिव्याच्या दोन वायरींना तो जोडला. अंधार. मग काळी बाजू सोडवली, लांब वायर घेऊन ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. बल्ब असा भक्कन पेटला, की बायकोने डोळ्यांवर हात धरला.

"अर्थिंग गयी," तात्या म्हणाले, म्हणजे काळ्या वायरची, विजेची बॅटरीकडे परतायची वाट तुटली. "ठिबकनी नळी चोंदेल व्हयी, पन कॉक बंद शे तवलग गेज फुल्ल दखाडस. कॉक खोला, मंग समजस."

ज्या मुलखात बांधाबांधावर ठिबकच्या काळ्या नळ्या दिसतात, तिथे याहून चांगलं कोण समजावणार? मी दिवा काढून मोजत होतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला व्होल्ट दिसतात. तात्यांचा बल्ब २१ वॅटचा, पावणेदोन अँपिअर मागणारा. त्याला तो जोड काहीच देईना. एरंडोलला सगळे दिवे लावले की मंद का व्हायचे, तेही आत्ता उलगडलं. जितका करंट जास्त, तितका व्होल्टेज त्या जोडातच खाल्ला जात होता.

मी म्हटलं, तरी एकदा मोजू द्या. बल्ब पुन्हा दिव्याच्या वायरींना लावला, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या काळ्या वायरला. तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. दिसले जवळजवळ बारा. तात्या म्हणाले, "आते बरोबर बोली राह्यना."

काळी वायर शोधत शोधत आम्ही सिंकखाली पोहोचलो. मी आडवा, पाय गाडीबाहेर, वर तात्यांचा टॉर्च. सहाही दिव्यांच्या काळ्या वायरी एका थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबायच्या धातूच्या कडीत, आवळून गाडीच्या पत्र्याला एका स्क्रूने मारल्या होत्या. तोही रंग न खरवडता, रंगावरच! वर सिंकचा जोड ठिपकत होता. स्क्रू तांबेरा चढून लालसर, थिंबलवर हिरवा गंज. घाटाच्या हादऱ्यांनी उरलीसुरली पकडही सुटलेली. पंख्याची आणि चार्जिंगची काळी वायर मात्र थेट बॅटरीला गेली होती, म्हणून ती चालू.

तात्यांनी काचकागदाने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, थिंबल नवं दाबलं, खाली दातेरी वायसर घातला आणि नट-बोल्ट आवळला. मग विचारलं, "व्हॅसलीन शे का?"

थंडीचे दिवस, बायकोची डबी उशाशीच होती. बोल्ट आवळून झाल्यावर वरून थर द्यायचा, म्हणजे पाणी लागत नाही. सहाही दिवे लागले. मीटरवर आता ०.०४.

तात्यांनी दीडशे रुपये सांगितले. मी पाचशेची नोट पुढे केली तर रागावले. शेवटी तिघांनी एकत्र जेवायचं ठरलं. शेवभाजी काळ्या मसाल्याची, नाकातून पाणी काढणारी, आणि पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजून बडगीत कुटलेलं भरीत. ते आम्ही दिवे लावून गाडीतच खाल्लं, सहाच्या सहा.

सकाळी अमळनेरला निघण्याआधी मी सिंकचा ठिपकणारा जोड टेप गुंडाळून आवळला. बायकोने हाताला लावायला व्हॅसलीन उघडलं. आत तात्यांच्या बोटाचा काळा ठसा होता, आणि ती डबी आता गाडीच्या हत्यारांच्या पेटीत आहे.