एक कान बाहेर

‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाची माझ्याकडे तीन उत्तरं आहेत. बँकेतल्या मुलीला किंवा ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या बाईला ‘जर्मनीला असतो’ एवढं पुरतं. नात्यातल्या लग्नात ‘म्युझिकमध्ये आहे’ म्हणते आणि पटकन जिलेबीकडे वळते. उरलेल्यांना खरं सांगावं लागतं. डीजे आहे.

यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. आमच्या काळाचौकीत डीजे हा माणूस नसतोच. डीजे म्हणजे टेम्पोवर मजले चढवत नेलेली स्पीकरची भिंत. तो लावतात, अडवतात, जप्त करतात. तो गल्लीत शिरला की मांडणीवरच्या वाट्या आपण होऊन वाजू लागतात आणि सासूबाई कानात कापूस घालून देवापुढे बसायच्या. अशा वस्तूला मी पोटचा मुलगा म्हणते म्हटल्यावर माणूस गडबडणारच. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी काळजीनं विचारलं होतं, ‘‘तिकडे वर्षभर विसर्जनं असतात का हो?’’

वर हाऊस म्युझिकचा डीजे. हे मी आधी घरगुती समजले होते. घरगुती लोणचं, घरगुती मसाले, तसं घरगुती संगीत. आणि तो बसायचाही घरातच, लॅपटॉप मांडीवर घेऊन. मग एकदा त्यानं नीट सांगितलं. १९७७ साली शिकागोत वेअरहाऊस नावाचा क्लब निघाला. फ्रँकी नकल्स नावाचा न्यूयॉर्कहून आलेला तरुण तिथे तबकड्या वाजवायचा. जिथे तिथे दारातूनच परत पाठवली जाणारी काळी, समलिंगी मुलं तिथे रात्रभर नाचायची. तबकड्यांच्या दुकानात जाऊन लोक ‘वेअरहाऊसमध्ये वाजतं ते द्या’ म्हणू लागले आणि नावाचा पुढचा भाग झिजून हाऊस उरलं. म्हणजे अर्थ धरला तर गोदाम-संगीत. २००४ साली शिकागोनं त्या जागेजवळच्या रस्त्याला या नकल्सचं नाव दिलं, तेही तो जिवंत असताना. आपल्याकडे चौकाला नाव लागायला आधी फोटोला हार लागावा लागतो.

ह्यांची अडचण वेगळी होती. हे भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मुलाचं पहिलं गाणं ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. मिनिटाला एकशे चोवीस ठोके, आणि प्रत्येक मात्रेवर तोच ठोका.

‘‘मग सम कुठली?’’

‘‘बाबा, सगळ्याच समा.’’

दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दाढी करता करता हे ओरडले, ‘‘बत्तीस! दर बत्तीस मात्रांनी काहीतरी बदलतोय तो. दोन तीनताल!’’ तेव्हापासून आमच्या घरात हाऊसचे जाणकार तेच. ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत जो ‘त्स’ येतो, तो झांजेचा आहे आणि सगळं गाणं त्याच्यावर उभं आहे, असं ते मंडळातल्या मंडळींना अधिकारवाणीनं सांगतात. मंडळी मान डोलावतात. चहा आमच्याकडचाच असतो.

त्याचं तिथलं आयुष्य आम्हाला कळलं ते असं तुकड्यातुकड्यांनी. रविवारी त्याची ड्यूटी पहाटे सहा ते नऊ. इतक्या सकाळी नाचायला कोण येतं, तर येतात. शनिवारी रात्री आलेले गेलेलेच नसतात. बर्लिनच्या पश्चिम भागात १९४९ सालीच बार-क्लब बंद करायची सक्तीची वेळ उठवली, ती कोविडचे दिवस सोडले तर परत आली नाही. उन्हाळ्यात आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं. म्हणजे तो सहाला सुरू करतो तेव्हा आमचे साडेनऊ वाजलेले असतात आणि पोह्यांवर खोबरं पडत असतं. मी ह्यांना म्हणते, चला, लेक कामाला बसला. तो घरी पोचून झोपतो तेव्हा आमची दुपारची झोप झालेली असते. आणि याच माणसाला स्वतःच्या घरात रविवारी भिंतीत खिळा ठोकायची चोरी! तिथे रविवारी आणि रोज रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. दहाचा नियम आपल्याकडेही आहे, लाउडस्पीकरचा. सणासुदीचे मोजके दिवस बारापर्यंत चालतं. पण आपल्याकडे तो नियम मोडायला सगळी गल्ली सोबत असते. त्याच्याकडे वरच्या मजल्यावरची आजी एकटीच झाडूच्या दांड्यानं त्याला ताळ्यावर आणते. मला ती आजी आवडते.

कलाकारांसाठी तिथे १९८३ पासून एक सरकारी विमा योजना आहे. नोकरदाराचा अर्धा हप्ता मालक भरतो ना, तसा कलाकाराच्या वाट्याचा अर्धा ही योजना भरते. त्यात त्याला घेतलं त्या दिवशी मी पेढे वाटले. क्लबांची नावं मला अजून पाठ नाहीत, पण विम्याचं कार्ड कसं दिसतं ते विचारा.

बाकी आठवडा तो गाणी ‘प्रोड्यूस’ करतो. म्हणजे एक ठोका घेऊन आठ-आठ दिवस बसतो. ठोका आणि बास दोघेही जाड आवाजाचे, एकदम आले की एकमेकांच्या अंगावर चढतात. म्हणून ठोका पडला की बासनं क्षणभर बाजूला व्हायचं, अशी व्यवस्था करावी लागते. मी म्हटलं, हे आम्हाला दादरला रोज माहीत आहे, उतरणाऱ्याला आधी उतरू द्या. त्याला ते इतकं पटलं की आता तिथल्या मित्रांना तो हे असंच समजावतो म्हणे.

मधल्या काळात मीही कामाला लागले. आवाज पाठव, असा त्याचा निरोप आला. मी धार लावणाऱ्याचं चाक पाठवलं, आमच्या जिन्याची करकरणारी सातवी पायरी पाठवली. त्याला आवडला तो खलबत्ता. चहासाठी आलं कुटतानाचा. त्यानं तो टाळीच्या आवाजाखाली दडवला आणि त्या गाण्याची तीनशे प्रतींची तबकडी निघाली. कुठल्या कुठल्या तीनशे घरांत माझं आलं कुटलं जातंय. हल्ली मी कुटताना जरा पाठ ताठ ठेवते.

पण हे सगळं सांगूनसवरून त्याचं काम मला कळलं ते बघून, तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात. लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या क्लबात त्याला बोलावलं होतं, बुधवारी रात्री. दारावरच्या धिप्पाड पोरानं ‘आंटी, संभालके’ म्हणत मनगटावर जांभळा शिक्का मारला. तो साबणानं गेला नाही. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार; महालक्ष्मीचा घट मांडताना हातावर शिक्का. बांगड्या वर ओढून घेतल्या.

ती गिरणी माझ्या बाबांची नव्हती, पण त्यांच्या गिरणीचा भोंगा ऐकू जाईल एवढ्याच अंतरावरची. बाबा साचाखात्यात होते. शेकडो मागांच्या त्या खडखडाटात बोलून काही ऐकू जायचं नाही, तिथे सगळे ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी बोलत. घरी आल्यावरही बाबा मोठ्यानं बोलायचे आणि आम्हाला वाटायचं रागावलेत. पन्नाशीत त्यांना जवळजवळ ऐकू येईनासं झालं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि माग थांबले, तेव्हा घरात इतकं शांत झालं की त्यांना झोप लागेना. शांतता बहिऱ्या माणसाला कशी कळते, कोण जाणे. त्याच वर्षी मी टेलिफोन खात्यात लागले, ट्रंक एक्स्चेंजला, परगावचे फोन जोडून द्यायला. संपभर घर माझ्या पगारावर चाललं.

तर त्या क्लबात मला त्याच्या मागे, बाजूला उभं केलं. समोर अंधारात डोकी हलत होती. मला वाटलं होतं हा हात वर करून नाचेल-बिचेल. तो खाली मान घालून उभा होता. हेडफोनचा एक गोळा डाव्या कानावर, खांद्यानं दाबून धरलेला. दुसरा मागे सरकवलेला, उजवा कान मोकळा. आणि मला एकदम आमचा ट्रंक बोर्ड दिसला.

आम्ही अश्शाच बसायचो. एका कानावर हेडसेट, त्यात पलीकडच्या गावची ऑपरेटर. दुसरा कान मोकळा, सुपरवायझरसाठी, शेजारणीसाठी. १८० फिरवून लोकांनी कॉल बुक केलेले असत. साधा, अर्जंट, लाइटनिंग. नागपूर लागतंय का ते एका कानानं ऐकायचं, इथल्या माणसाला धरून ठेवायचं, आणि लागलं की दोघांना अशा बेतानं जोडायचं की मध्ये खटका पडू नये. तीन मिनिटं झाली की हळूच मध्ये शिरून विचारायचं, ‘‘तीन मिनिटं झाली, वाढवू?’’ कुणी रडत असलं तरी विचारायचं. ते मला कधी जमलं नाही. मी पाच-दहा सेकंद जास्त देत असे आणि बोलणी खात असे.

माझा मुलगा तेच करत होता. चालू गाणं मोकळ्या कानानं हॉलमध्ये ऐकायचं, पुढचं गाणं फक्त त्याच्या डाव्या कानात. दोघांची चाल जुळेपर्यंत ते कुणाला कळू द्यायचं नाही. मग बोटभर पट्टी सरकवायची. लोकांना वाटतं गाणं तेच चाललंय. मी खाली वाकून बघितलं तर त्याच्या हेडफोनच्या वायरीच्या टोकाला पितळी चकाकीचा जाड प्लग. पाव इंचाचा. मी वर्षानुवर्षं दिवसाला शेकडो वेळा हातात धरलेला. सुट्टीच्या चहाला त्याला म्हटलं, अरे, हा आमच्या बोर्डाचा प्लग. त्यानं फोनवर शोधलं. खरंच निघालं. ही जात मुळात टेलिफोनच्या बोर्डासाठीच जन्मली, एकोणिसाव्या शतकात, आणि तिथून गिटार-माइक-मिक्सर असा प्रवास करत त्याच्यापर्यंत पोचली. तो नुसता हसला. मग दीड वाजेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. गुडघे बोलत होते, पण जागा सोडवेना.

१९८२ वरून आठवलं. चरणजित सिंग नावाचे, हिंदी सिनेमासाठी वाजवणारे एक वादक होते. आम्ही संपात भाकऱ्या मोजत होतो त्या वर्षी, याच मुंबईत, त्यांनी रोलंड कंपनीची यंत्रं समोर घेतली. ८०८ नावाचं ठेक्याला, ३०३ नावाचं बासला. आणि भैरव, ललित, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून तबकडी काढली. इथे कुणी फारसं विचारलं नाही. शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ मधून जो चिरका, पिळवटलेला आवाज काढून १९८७ साली धमाल उडवली, तो यांच्या तबकडीत पाच वर्षं आधी होता. २०१० मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली तेव्हा तिकडे लोक चक्रावले. २०१५ मध्ये चरणजित सिंग गेले. ‘‘बर्लिनला मी मुंबईचा म्हटलं की लोक यांचं नाव घेतात, आणि मुंबईत मी बर्लिनचा म्हटलं की गणपतीचं विचारतात,’’ असं तो म्हणाला. यात त्याचा राग होता की गंमत, ते मला फोनवर कळलं नाही.

मागच्या पावसाळ्यात माझ्या कानांची तपासणी झाली. आलेखावर उजव्या कानाची रेघ बरी, डाव्याची उतरणीला लागलेली. डॉक्टर वयावर गेले. मी हेडसेट डाव्या कानावर लावायचे, ते मी त्यांना सांगितलं नाही. मुलाला मात्र सांगितलं, आणि पस्तावले. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, मी मापाचे बोळे घालतो गं, कानाचा साचा घेऊन बनवलेले. आजोबांचं माहीत आहे मला. मग त्यानं विचारलं, आई, आत्ता फोन कुठल्या कानाला आहे?

उजव्या, अर्थात. बोलायचा कान तोच. त्यामुळे ओट्याकडचा कान डावा झालाय, आणि तिथे जरा पंचाईत होते.

परवा असंच बोलत होतो. त्याची वरची आजी पडली, तिला वाणसामान हाच आणून देतो, असं काहीतरी सांगत होता. मध्येच थांबला.

‘‘आई, गॅस बंद कर. तीन झाल्या.’’

‘‘दोनच झाल्यात.’’

‘‘तीन. पहिली तू ह्यांच्या औषधाचं सांगत होतीस तेव्हा झाली.’’

‘‘ह्यांच्या काय, बाबांच्या म्हण,’’ असं म्हणत मी उठले. कुकर पडल्यावर बघितलं. डाळ पार मोडली होती.