खकाणा

१२ जानेवारी, निपाणी

पहाटे चारला करंट गेला. मशिनची घरघर बंद पडली की मी टक्क जागा होतो. आमचा इन्व्हर्टर दोन दिवे नि एका पंख्यापुरता. हवेतून ऑक्सिजन काढणारं आईचं मशिन, कॉन्सन्ट्रेटर, त्याला ओढवत नाही. टॉर्च तोंडात धरून छोट्या सिलिंडरला नळी जोडली. आई खाटेच्या कडेला, कोपरं गुडघ्यांवर रोवून बसलेली. आडवं पडणं तिनं कधीच सोडलंय.

बोटाला ऑक्सिमीटर लावला. रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के. थोड्या वेळानं ८९. तिथंच थांबलो. शेजारच्या काकी आल्या की म्हणतात, "सोड की जरा जास्त, शंभर होऊ दे!" डॉक्टरांनी ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवायला सांगितलंय, या दुखण्यात ऑक्सिजन जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड अंगात साठतो, माणसाला गुंगी येते. काकींना समजावायचं मी सोडून दिलंय.

सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आवळत नेणारं फुफ्फुसांचं जुनाट दुखणं, म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. बिडी ओढायच्या का? आईनं उभ्या जन्मात बिडी तोंडाला लावली नाही. १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी शेतकरी हायवेवर बसले, त्याच वर्षी ती वखारीत लागली. तंबाखू चाळायची, पोती भरायची. तंबाखूच्या भुकटीचा खकाणा असा उडायचा की नवी पोरगी आठ दिवस नुसती शिंकायची. "मग सवय हुती," आई म्हणते. घरी आलं की परत चूल, त्यात पावसाळ्यात ओली लाकडं.

आता आंघोळ स्टुलावर बसून, मध्ये दोनदा थांबून. पोट भरलं की दम लागतो, म्हणून थोडी थोडी भाकरी दुधात कुस्करून चार वेळा. ऑक्सिजनजवळ ज्योत नको म्हणून देव्हारा सोप्यात हलवला, ते मात्र तिच्या मनाला फार लागलं. आणि तोंडानं औषध ओढायचा पंप! पाहुणे आले की तो उशीखाली. 'पंपाची सवय लागती' असं कुणीतरी तिच्या डोक्यात घातलंय, ते काही निघत नाही. सांगून सांगून मलाच धाप लागते.

सहाला करंट आला. खिडकी उघडली तर पलीकडच्या मळ्यात कुणीतरी उसाचा पाला पेटवलेला. मी खिडकी लावेपर्यंत आईनं पदराचं टोक नाकावर ओढून घेतलं होतं, नळीच्या वरून, वखारीत घ्यायची तसं.