ठाण्याच्या दमट हवेत 78 च्या तबकड्या

खाडीकडच्या इमारतींत जून ते सप्टेंबर 78 च्या, म्हणजे मिनिटाला सुमारे 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकडीला बुरशी धरते, कारण कागदी पाकीट ओल शोषून घेतं. पाकीट बदला आणि तबकडी उभी ठेवा. आडव्या थप्पीत खालची वाकते.

धुताना एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब पुरे. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनेच फिरवा, लेबल कोरडं ठेवा, लगेच पुसा. स्पिरिट मात्र चुकूनही नको! ही तबकडी लाखेची, आणि लाख अल्कोहोलात विरघळते; खाचेची कड गेली की गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणंही गेलं.

सुई 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हवी. नंतरच्या, अरुंद खाचेच्या एलपी तबकडीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते.

खरी गंमत वेगात आहे. जुन्या सगळ्याच तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांवर कोरलेल्या नाहीत. 78 ची तबकडी 73.6 वर लावली की गाण्याची पट्टी पेटीवर अर्ध्या सुराने उतरून काळी एकची पांढरी एक होते, आवाजही जड वाटतो. म्हणून आधी साथीच्या पेटीची पट्टी ताडून पाहा, वेग जुळवा, मगच 24 बिटच्या डिजिटल फाइलमध्ये उतरवून घ्या.