आमच्या घरात दोन शोले होते

आमच्याकडे बरीच वर्षं एक भांडण चालू होतं, गब्बर मरतो की नाही यावरून. बाबा म्हणायचे नाही मरत, ऐन वेळी पोलीस येतात, इन्स्पेक्टर ठाकूरला कायद्याची आठवण करून देतो आणि गब्बरला घेऊन जातात. मी म्हणायचो काय बोलताय बाबा, ठाकूर मारतो त्याला, मी डोळ्यांनी बघितलंय. आई म्हणायची दोघं जेवा आधी.

आणि दोघंही बरोबर होतो हे कळायला इंटरनेट यावं लागलं!

बाबांनी शोले मिनर्व्हाला बघितला, १९७५ ला, तेव्हा ते नोकरीला नवीन होते आणि गिरगावात चौघांत एक खोली घेऊन राहायचे. लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे एकदा नाही, किती वेळा गेले ते त्यांनाही माहीत नाही (आईसमोर नेहमी तीनदा म्हणतात). मिनर्व्हाला पाच वर्षं चालला तो पिक्चर, त्यातली तीन वर्षं रेग्युलर शोला आणि मग मॅटिनीला. बाबांचं शोलेबद्दलचं पहिलं वाक्य कायम आवाजाबद्दल असायचं. ७० एमएम रुंद फिल्मचा मोठा पडदा, स्टिरिओ साउंड, जय नाणं उडवतो ते खाली पडल्याचा आवाज असा यायचा की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे. मला हे बाबांचं नेहमीचं वाढवून सांगणं वाटायचं, पण नंतर इतक्या लोकांकडून ऐकलं की आता विश्वास ठेवतो.

माझा शोले म्हणजे कॅसेट. मामा मर्चंट नेव्हीत होता, त्याने एक्याण्णवच्या आसपास इंग्लंडहून एक व्हीएचएस आणली. त्या कॅसेटचं महत्त्व तेव्हा आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये व्हीएचएसवर न कापलेला शोले बाहेर आला होता, म्हणजे इकडे थेटरात पंधरा वर्षं कुणाला बघायला मिळाला नाही तो शेवट मी चौथीत असताना सतरंजीवर बसून बघत होतो, शेजारची सहा पोरं बाजूला आणि भाड्याचा व्हीसीआर.

झालं होतं असं की पिक्चर लागला १५ ऑगस्ट १९७५ ला आणि त्याआधी दीडपावणेदोन महिने आणीबाणी लागलेली. माजी पोलीस अधिकारी स्वतःच्या हाताने, म्हणजे शोलेत पायाने, एका डाकूला ठार मारतो हे सेन्सॉरला चालण्यासारखं नव्हतं. मग रमेश सिप्पींना शेवट परत शूट करावा लागला, संजीव कुमार तेव्हा रशियात होता त्याला बोलावून घेतलं, आणि पोलीस आले. आणखीही कापाकापी झाली. सचिन पिळगावकरचा अहमद आठवतो ना, थेटरात गब्बर हातावरची मुंगी मारतो आणि पुढे एकदम अहमदचं प्रेतच गावात येतं. कॅसेटमध्ये गब्बर त्याला छळतो तो तुकडा होता. खरं सांगू का, मला मुंगीवर कट केलेलंच जास्त भारी वाटतं, सेन्सॉरने चुकून एक चांगलं काम केलं. पण शेवटाचं तसं नाही. मूळ शेवटात गब्बरला मारून झाल्यावर ठाकूर कोसळतो, रडतो. अख्खा पिक्चर ज्या एका गोष्टीसाठी तो जगला ती झाली आणि हातात काहीच नाही (हात नाहीतच, पण कळलं ना). पोलीसवाल्या शेवटात ही पोकळी जाते.

मग मी जिंकलो का? तर नाही, कारण कॅसेटने शेवट दिला आणि बाकी बरंच काढून घेतलं.

पहिलं म्हणजे चौकट. शोले ७० एमएमचा म्हणून गाजला पण शूट झाला होता साध्या ३५ एमएमवर, ७० चे कॅमेरे महाग, म्हणून चौकोनी चित्र घ्यायचं आणि नंतर वरखाली कापून २.२ ला १ अशा रुंद मापात मोठं करायचं. कॅमेरामन द्वारका दिवेचांनी प्रत्येक शॉट त्या रुंद मापाचा विचार करून लावलेला. टीव्ही चौकोनी असल्यामुळे व्हिडिओवर सरळ पूर्ण चौकट दाखवली. म्हणजे एरवी टीव्हीवर रुंद पिक्चरच्या कडा उडायच्या, इथे उलटं, आम्हाला जास्त दिसत होतं! पण जास्त काय, तर आभाळ आणि माती. शूटिंग झालं त्या कर्नाटकातल्या रामनगरचे ते खडक लहान वाटायचे, आणि ट्रेनवर घोडे धावून येतात तो सीन बघून बाबा एकदा म्हणाले होते की हे काय, रुमालाएवढं झालंय.

दुसरं, स्पीड. हे मला फार उशिरा कळलं. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेम चालतो आणि आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत, पाल (PAL), २५, म्हणून कॅसेट बनवताना सगळं चार टक्के पळवायचे. २०४ मिनिटांचा पिक्चर १९६ मध्ये आटपतो आणि सगळ्यांचे आवाज अर्ध्या सुराहून जरा कमी, पण चढतातच. मला एका वाढदिवसाला माऊथ ऑर्गन मिळालेला, जयची ती धून मी कॅसेट लावून वाजवायचो आणि कधीच सूर जुळायचा नाही, सगळे म्हणायचे याला सुराचं अंग नाही. अरे, संगीतकार आरडी बर्मनचाच सूर सरकवला होता की! (अंग नाहीच आहे, पण तरी.)

तिसरा शोले शेजारच्यांकडे होता. आमच्या कॅसेटवरून कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याने कॉपी मारून दिली, पण त्याच्याकडे १८० मिनिटांची कोरी कॅसेट, मग पट्ठ्याने गाणी उडवली, सूरमा भोपाली उडवला आणि तरीही मारामारी ऐन रंगात आल्यावर टेप संपून टीव्हीवर मुंग्या सुरू. त्या घरातल्या पोरांना कितीतरी दिवस गब्बर मेला की पकडला काहीच माहीत नव्हतं. आमच्या भांडणात ती पोरं तटस्थ असायची.

पुढे डीव्हीडी आली तेव्हा वाटलं आता मिटलं, तर तिथेही गंमत, १९८ मिनिटांची सेन्सॉरवाली रुंद चौकटीत आणि २०४ मिनिटांची मूळ शेवटवाली चौकोनी चौकटीत. म्हणजे पैसे देऊन पण शेवट घ्या नाहीतर पडदा घ्या. मी दोन्ही घेतल्या. बाबांनी एकच बघितली, कुठली ते सांगायला नको.

आणि मग गेल्या वर्षी. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्सने तीन वर्षं खपून शोले परत उभा केला. मूळ निगेटिव्ह पार कामातून गेलेलं, ७० एमएमची एकही प्रिंट शिल्लक नाही. पाच वर्षं एका थेटरात चाललेल्या पिक्चरची एकही प्रिंट नाही, यावर काय बोलणार. इंग्लंडमधल्या गोदामात आणि मुंबईत सापडलेल्या शोलेच्याच दुसऱ्या फिल्म-कॉप्यांवरून काम केलं, आवाजाच्या मूळ टेप मिळाल्या, जूनमध्ये इटलीत बोलोन्याला चौकात उघड्यावर दाखवला आणि १२ डिसेंबर २०२५ ला आपल्याकडे लागला. मूळ शेवट आणि रुंद चौकट, दोन्ही एकत्र. धर्मेंद्र जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते, टाकीवरच्या सीनला हॉलमध्ये लोक हसत होते आणि मध्येच एकदम शांत होत होते.

मी आईबाबांना घेऊन गेलो. बाबांचा गुडघा आता पायऱ्यांना कुरकुरतो म्हणून शेवटच्या रांगेऐवजी मधलं तिकीट काढलं. नाणं उडालं तेव्हा मी पडद्याकडे न बघता बाबांकडे बघत होतो, ते मान हलवत होते, हो, हे, असं. ठाकूरचा नोकर रामलाल त्याच्या जोड्यांना खिळे ठोकतो तिथे पुढे सरकून बसले, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मग शेवट. ठाकूरने गब्बरला मारलं, रडला, दिवे लागले. बाबा बसूनच.

बाहेर आल्यावर विचारलं कसा वाटला. म्हणाले, "फर्स्टक्लास. आवाज अगदी मिनर्व्हासारखा." मग लिफ्टमध्ये शिरता शिरता, "पण पोलीस पाहिजे होते रे."

आई म्हणाली चहा कुठे मिळतो बघा आधी.