हवेला न लागणारे वजन

30 जुलै 2006 च्या संध्याकाळी मी जर्मनीतल्या हॉकेनहाइमची फॉर्म्युला वन शर्यत पाहायला बसलो, तेव्हा रेनो संघाच्या गाड्यांच्या नाकातून एक वस्तू काढून ठेवलेली होती. ती वस्तू नियमात बसते, असा निर्वाळा तिथल्या पंचांनी दिलेला होता. परंतु या शर्यतींचे नियमन करणाऱ्या फिया या संस्थेने आपल्याच पंचांच्या निर्णयाविरुद्ध अपील केले, आणि उद्या निकाल उलटला तर मिळवलेले गुण जातील म्हणून संघाने ती न बसवताच गाड्या उतरवल्या. फेरारीचा मायकेल शूमाकर जिंकला, रेनोचा फर्नांडो अलोन्सो पाचवा आला आणि अजिंक्यपदाच्या शर्यतीतली अलोन्सोची 17 गुणांची आघाडी 11 वर आली.

ती वस्तू म्हणजे मास डॅम्पर. नाकाच्या पोकळीत स्प्रिंगांच्या आधारावर वर-खाली हलू शकेल असे बसवलेले काही किलोंचे वजन, एवढेच तिचे स्वरूप. शर्यतीच्या गाडीचे सस्पेन्शन इतके कडक असते की चाक कर्बवर, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर, चढले की दबण्याचे बरेचसे काम टायरच करतो. आणि दबलेला टायर परत उसळतो तेव्हा त्या उसळीला पुरेसा आवर घालणारे त्याच्यापाशी काही नसते. त्यामुळे नाक डोलू लागते, टायरची पकड कमी-जास्त होते आणि हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणाऱ्या पुढच्या पंखाचे जमिनीपासूनचे अंतर क्षणाक्षणाला बदलते. मास डॅम्परमधले वजन या डोलण्याच्या उलट हलते आणि ते शोषून घेते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही थरथरणाऱ्या पट्टीला छोट्या स्प्रिंगने एक वजन टांगत असू. वजन आणि स्प्रिंग यांचा मेळ बसला की पट्टी जवळजवळ शांत व्हायची आणि सगळी थरथर खालच्या वजनात उतरायची. ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही. तैपेई 101 या इमारतीतला 660 टनांचा गोळा वाऱ्याने होणारे डोलणे याच तत्त्वाने कमी करतो.

फियाने आधार घेतला तो कलम 3.15 चा. गाडीच्या वायुगतिकीवर, म्हणजे तिच्याभोवतीच्या हवेच्या प्रवाहावर, परिणाम करणारा कोणताही भाग स्प्रिंगांवर तोललेल्या मुख्य सांगाड्याला घट्ट जोडलेला आणि त्याच्या तुलनेत अचल असला पाहिजे, असा त्याचा आशय. 22 ऑगस्टला अपील न्यायालयाने फियाची बाजू मान्य केली. कलमातला ‘परिणाम’ हा शब्द ऐसपैस आहे, हे मला मान्य आहे. पण तो इतका ताणायचा ठरवला, तर टाकीत हिंदकळणारे इंधनही त्यात सापडेल. नाकाच्या आत बंद असलेल्या, बाहेरच्या वाऱ्याचा स्पर्शही न होणाऱ्या वजनाला वायुगतिकीचा भाग ठरवणे मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही.

हे कलम ज्या प्रकारच्या यंत्रणेसाठी हवे, तिचे उदाहरण 1978 सालचे आहे. लोटस संघाने गाडीखालच्या हवेचा उपयोग करून सर्वांना मागे टाकले होते, आणि ब्रॅबम संघाचे अभियंते गॉर्डन मरे यांच्यापुढे अडचण अशी की अल्फा रोमिओचे आडवे, रुंद इंजिन नेमके त्या हवेच्या वाटेत येत होते. त्यांनी बीटी46बी या गाडीच्या मागे मोठा पंखा बसवला आणि तो गिअरबॉक्सवरून फिरवला. पंखा गाडीखालची हवा खेचून घेई आणि गाडी रस्त्याला चिकटे. हलत्या वायुगतिक यंत्रणेला बंदी होती, पण कसोटी त्या यंत्रणेच्या ‘मुख्य हेतू’ची होती, आणि पंख्यातून जाणारी निम्म्याहून अधिक हवा रेडिएटर थंड करते, असा मरे यांचा दावा होता. मात्र उभ्या गाडीचा अॅक्सिलरेटर दाबला की ती सर्वांच्या डोळ्यांदेखत खाली बसे. स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पच्या शर्यतीत पिरोनी या चालकाच्या गाडीतून सांडलेल्या तेलावर इतर चालक जपून जात असताना ब्रॅबमचा निकी लाउडा लोटसच्या मारियो आंद्रेत्तीला मागे टाकून गेला आणि 34 सेकंदांनी जिंकला. मरे यांच्या बुद्धीपुढे मी नतमस्तक आहे, तरीही त्या पंख्यावर नंतर आलेली बंदी मला रास्त वाटते. शिवाय तो विजय कुणी काढून घेतला नाही, आणि ब्रॅबमने ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरवली नाही.

2009 मध्ये ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या संघांचे दुहेरी डिफ्यूझर (गाडीखालची हवा मागून बाहेर काढणारे भाग) अपिलातही टिकले आणि बाकीच्या संघांना आपापले डिफ्यूझर बनवण्याच्या मागे लागावे लागले. मला हाच मार्ग योग्य वाटतो. एखादी कल्पना नको असेल, तर पुढच्या हंगामासाठी कलम स्पष्ट शब्दांत बदलावे. मास डॅम्पर 2005 च्या अखेरीपासून रेनोच्या गाडीत होता. तो उघडपणे वापरला जात असताना, अजिंक्यपद अर्ध्यावर आलेले असताना जुन्या शब्दांना नवा अर्थ देणे हा त्या अभियंत्यांवर अन्याय होता. शांघायच्या शर्यतीनंतर अलोन्सो आणि शूमाकर या दोघांचेही 116 गुण झाले होते. पुढे सुझुकाला शूमाकरचे इंजिन फुटले आणि अजिंक्यपद अलोन्सोकडेच राहिले. तो डॅम्पर मात्र परत आला नाही.