चार वाजता पाणी, सात वाजता षड्ज

शाळांना मे महिन्याची सुट्टी लागली की पटांगण शास्त्रीय गाण्याच्या मैफली भरवणाऱ्या मंडळाच्या ताब्यात यायचं. पुण्यात पेठांमध्ये आणि मुंबईत गिरगाव-दादरकडे वार्षिक गाण्याची तारीख कितीतरी ठिकाणी या सुट्टीवरच ठरत आली. वर्ग रिकामे, म्हणून कलाकारांना बसायला खोली मिळते आणि बाकं बाहेर काढता येतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी जमण्याची सवय पुण्याला जुनीच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 मध्ये. सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरातला, शाली पांघरून ऐकायचा. मेमधलं गाणं मात्र मोगऱ्याच्या गजऱ्यांचं, वाळा घातलेल्या माठातल्या पाण्याचं आणि दहा-दहा मिनिटांनी आभाळाकडे बघण्याचं.

त्या गाण्याची गोडी ठरायची ती दुपारी चारला. पटांगणावर पाणी मारायचं ते त्याच सुमारास. तीनला मारलं तर सहापर्यंत सगळं सुकून पुन्हा धूळ उडते, साडेपाचला मारलं तर सतरंज्या खालून ओल्या होतात. पाणीही शिंपडायचं, ओतायचं नाही. धूळ बसवणं हा नुसता टापटिपीचा भाग नाही. पेटीचा भाता बाहेरची हवा ओढतो, तिच्यासोबत धूळ आत जाते, एखादा कण सुरपट्टीत, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या पातळ पट्टीत, अडकतो आणि नेमका हवा असलेला सूर मुका होतो किंवा चिरकतो.

रंगमंच कुठल्या तोंडाचा ठेवायचा, यावर दरवर्षी चर्चा व्हायची. जाणत्यांचं उत्तर ठरलेलं असे: पाठ पश्चिमेला. मेमध्ये संध्याकाळचा वारा बहुधा पश्चिमेचा. वाऱ्याबरोबर जाणारा आवाज जमिनीकडे वाकतो आणि मागच्या सतरंजीपर्यंत पोहोचतो. वाऱ्याविरुद्ध गेला तर वर उचलला जातो आणि मागची माणसं ‘ऐकू येत नाही’ म्हणत पुढे सरकू लागतात. अडचण एवढीच, की मग श्रोत्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं. मेच्या मध्याला सूर्य मावळतो सातच्या आसपास, म्हणून पहिला षड्जही, म्हणजे गाण्याचा पहिला ‘सा’ही, सातलाच. शाळेची इमारत पश्चिमेला असली तर मात्र साडेसहालाही बसता येतं. तिची सावली अख्ख्या पटांगणावर पसरते आणि मारवा, पूरिया, श्री हे राग ज्या घटकेचे, त्याच घटकेला ऐकायला मिळतात. बंद सभागृहात ही वेळ घड्याळात दिसते. इथे ती डोक्यावरच्या आभाळात उतरताना दिसायची. उघड्यावरच्या गाण्याचं याहून मोठं सुख दुसरं नाही.

मारव्यात पंचम (प) नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादावर (नी) लावतात. पुढे यमन घ्यायचा तर ती पंचमावर आणायची. दोन जोड्या असतील तर हा वेळ वाचतो. खोलीत पंख्याखाली लावलेला तानपुरा मंचावर आणला की हमखास बिघडायचा. जुन्या हॅलोजनच्या झळेने तार तापते, सैलावते, सूर उतरतो. बासरीचं उलटं, हवा तापली की ती चढते. तबला कोरड्या उन्हात चढतो आणि दमट हवेत उतरतो. त्यामुळे पुण्यात पहिल्या अर्ध्या तासात आणि मुंबईत रात्र चढेल तशी हातोडी जास्त चालते. तबल्याच्या तोंडाभोवतीच्या विणलेल्या वादीला गजरा म्हणतात; त्यावर वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. फरक मोठा असेल तर वाद्यांखालचे लाकडी गट्टे सरकवावे लागतात. इलाज एकच: वाद्यं तासभर आधी मंचावर सावलीत आणून ठेवायची, आणि दिवे तेव्हाच लावून मग सुरात घ्यायची. उन्हात उभ्या गाडीत तबला ठेवून चहाला जाणं म्हणजे संध्याकाळ हातातून घालवणं.

मंच सहसा 16 बाय 12 फूट, उंची 2 फूट. बैठक जमिनीवर असताना याहून उंच मंच केला की पुढच्या रांगांच्या माना दुखतात. फळ्यांचा मंच आतून पोकळ, म्हणजे तोच ढोल होतो. डग्गा घुमतो, कुणी चाललं तरी माइकमधून धप्प येतं. म्हणून आधी जाड सतरंजी, तिच्यावर गाद्या, आणि खाली फळ्या हलतात तिथे गोणपाटाच्या घड्या.

ध्वनीचं काम पटांगणात वेगळंच असतं. तिन्ही बाजूंनी वर्ग असले की समोरची भिंत आवाज परत फेकते. भिंत 25 मीटरवर असेल तर तान गाऊन झाल्यावर सेकंदाच्या सातव्या भागाने तीच परत येते आणि द्रुत लयीत सगळा गोंधळ होतो. स्पीकर थोडे खाली झुकवायचे आणि त्या भिंतीवर जाड कनात सोडायची. रिकाम्या पटांगणात केलेली चाचणी फसवते, कारण बसलेली माणसं बराच आवाज शोषतात. मागे स्पीकरची दुसरी जोडी लावायची तर तिला उशीर द्यावा लागतो. उन्हाळ्यात आवाज सेकंदाला सुमारे 350 मीटर जातो. 30 मीटरवरच्या जोडीला 86 मिलिसेकंद, आणि वर आणखी 10 दिले की गाणं मागच्या स्पीकरमधून न येता मंचावरूनच येतंय असं वाटतं. माइकची वायर विजेच्या वायरला लगटून टाकली की गुणगुण सुरू होते. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

नवख्यांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट रात्री घडते. सूर्यास्तानंतर जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होते, वरची उबदार राहते आणि आवाज खाली वाकून लांबवर पोहोचतो. साडेसातला ठेवलेला तोच आवाज नऊला चार गल्ल्या पलीकडे ऐकू जातो, आणि तक्रार येते ती तिथूनच. नऊनंतर आवाज थोडा कमी करायला हवा. श्रोत्यांना फरक जाणवत नाही.

दहा वाजता तर थांबावंच लागतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 मध्ये आले. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते सणांमध्येच संपतात. शाळा-रुग्णालयांभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरलेला असू शकतो, तेव्हा परवानगीचा अर्ज आधी आणि पत्रिका नंतर. या नियमाने शेजारच्या आजाऱ्याला झोप मिळाली, ते योग्यच झालं. तरी उघड्या आभाळाखालचा दरबारी आणि मालकंस, हे उशिरा रात्रीचे राग, गेले, याची हळहळ राहतेच.

आणि वळीव. पुण्याच्या बाजूला तो बहुधा दुपार कलल्यावर येतो. आधी वारा सुटतो, मग धूळ, मग टपोरे थेंब. वाऱ्यात बांधलेली कनात शिडासारखी फुगते आणि खांब उपटते, म्हणून गडगडाट ऐकला की कनाती गुंडाळायच्या, ताणून धरायच्या नाहीत. पहिली वीज बंद करायची, मग वाद्यं वर्गात, मग माणसं. 30 मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच मुख्य पाटीवर असायलाच हवा. ओल्या पटांगणात अनवाणी माणसं असतात. पाऊस अर्ध्या तासात थांबला तर कित्येकदा वर्गातच, बाकं भिंतीला लावून, माइकशिवाय गाणं व्हायचं. ओल्या मातीच्या वासातला तो यमन ऐकलेली माणसं अजून सांगतात.

पावसानंतर दिव्यांवर किडे तुटून पडतात. गायकाच्या तोंडात किडा जाणं ही थट्टेची बाब नाही. सगळ्यात प्रखर दिवा मंचापासून लांब, पटांगणाच्या टोकाला लावायचा आणि मंचावर पिवळा, मंद उजेड ठेवायचा.

नऊ चाळीसला भैरवी सुरू व्हायची. दहाला पाच कमी असताना मुख्य स्पीकर बंद होत, आणि शेवटची ओळ नुसत्या गळ्याने, तानपुऱ्यावर. मागच्या रांगा त्या वेळी आपसूक पुढे सरकून बसायच्या. मग तानपुऱ्याच्या तारा थोड्या सैल करून गवसण्या चढायच्या, आणि सतरंज्यांच्या घड्या घालायला शेवटी उरलेली दहा-बारा माणसं यमनच गुणगुणत असायची.