मुलीची सहल आणि ‘ऐच्छिक’ वर्गणी : लेस्टरमधल्या शाळेचा माझा अनुभव

जानेवारीतली दुपार. रात्रपाळी करून मी नुकतीच आडवी झाले होते, तेवढ्यात मुलीच्या शाळेच्या ऑफिसातून फोन आला. हजेरीचं काम बघणाऱ्या बाई होत्या. म्हणाल्या, "जूनमध्ये तुम्ही दोन आठवडे भारतात जाणार आहात, असं तुमच्या मुलीने वर्गशिक्षिकेला सांगितलंय. शाळा सुरू असताना अशी रजा मंजूर होत नाही, दंड होऊ शकतो." इथे इंग्लंडमध्ये दंड म्हणजे एका मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड, तेही 21 दिवसांच्या आत भरले तर. मला काही कळेना. भारतात जाण्याचा विषय आमच्या घरात वर्षभर निघालेला नव्हता. तिकिटाचे पैसे कुठून आणणार होतो?

संध्याकाळी लेकीला विचारलं. ती गप्प बसली. मग आत जाऊन पीईची, म्हणजे खेळाच्या तासाची, पिशवी घेऊन आली आणि बुटांच्या खालून चार घड्या घातलेलं एक पत्र काढून माझ्या हातात दिलं. सहावीच्या वर्गाची जूनमधली सहल, तीन दिवस आणि दोन रात्री, डर्बीशरच्या डोंगरात. खर्च 345 पौंड, पहिला हप्ता फेब्रुवारीत. पत्र ऑक्टोबरमधलं होतं. तीन महिने तिने ते लपवून ठेवलं होतं आणि बाईंनी विचारलं तेव्हा भारताचं कारण सांगितलं होतं.

"मी कालनिर्णय बघते ना, आई," एवढंच म्हणाली.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे. माझी आई सांगलीला त्याच्यावर दुधाचा हिशोब लिहायची, तशी मी शाळेचे आकडे लिहिते. कुठल्या तारखेला काय भरायचं, काय राहिलं. हे आकडे तीही वाचत असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

आम्ही 2023च्या जानेवारीत इथे आलो. वृद्धाश्रमात केअर वर्करची नोकरी, हेल्थ अँड केअर व्हिसा, सोबत नवरा आणि दोन मुलं. येण्याआधी सगळ्यांनी सांगितलं होतं की तिथे शाळा फुकट असते. ते खोटं नाही. फी नाही, पुस्तकांचे पैसे नाहीत. पण बाकीचं पाच-दहा पौंडांनी गळत राहतं. सप्टेंबरमध्ये पोहण्याच्या तासांची वर्गणी. ऑक्टोबरमध्ये म्युझियमच्या सहलीची. नोव्हेंबरमध्ये साधे कपडे घालून यायचा दिवस, एक पौंड. डिसेंबरमध्ये ख्रिसमसचा स्वेटर, मार्चमध्ये वर्ल्ड बुक डेला पुस्तकातल्या पात्राचा पोशाख. सहावीच्या मुलांना निरोपाचं हुडी 18 पौंडांना. एकेका आकड्याकडे बघितलं तर क्षुल्लक वाटतो. महिन्याला हातात 1,600च्या आसपास येत असतील आणि त्यातले 825 भाड्याला जात असतील, तर तो क्षुल्लक राहत नाही.

त्यातच धाकटा तिसरीत गेला. इंग्लंडमध्ये रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), पहिली आणि दुसरीच्या सगळ्या मुलांना शाळेत दुपारचं जेवण मोफत मिळतं. तिसरीपासून ते सरसकट मिळत नाही. हे मला माहीत होतं, पण ते अंगावर आलं तेव्हा कळलं. दिवसाला 2 पौंड 65 पेन्स, आठवड्याला 13 पौंड 25. सप्टेंबरचे पहिले दहा दिवस मी पैसे भरायचे विसरले आणि शाळेच्या अ‍ॅपवर त्याच्या नावापुढे उणे आकडा आला. मग डबा सुरू केला. पोळीचा रोल, बटाट्याची भाजी. तो आनंदाने खायचा. तरी थंडीत गरम जेवणाचा वास समोर असताना मुलगा गार पोळी खातोय, हे डोळ्यांसमोर यायचंच.

नोव्हेंबरमध्ये नवरा गोदामात घसरून पडला. पाठीला मार बसला. एजन्सीचं काम, त्यामुळे काम नाही तर पैसेही जवळजवळ नाहीत. तेव्हापासून कालनिर्णयावर लाल पेनाचे आकडे वाढत गेले.

वर्गणीच्या प्रत्येक पत्राच्या तळाशी एक बारीक ओळ असायची. अर्थ असा : ही रक्कम ऐच्छिक आहे, ती न भरल्यामुळे कुठल्याही मुलाला वगळलं जाणार नाही, मात्र पुरेसे पैसे जमले नाहीत तर उपक्रम रद्द करावा लागेल. ही ओळ मी वाचलेली होती. पण आपल्याकडे वर्गणी म्हटलं की दारात आलेल्या पोरांना नाही म्हणायचं नसतं. शिवाय शेवटचं वाक्य मनात घर करतं. माझ्या पाच पौंडांमुळे तीस मुलांची सहल बुडाली तर? म्हणून मी भरत राहिले. एकदा विजेच्या मीटरमध्ये घालायचे पैसे तिकडे वळवले आणि शनिवार-रविवार हीटर बंद ठेवला.

यामागे एक जुनी गोष्टही आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत शिकले. दरवर्षी इमारत निधी असायचा. तोही म्हणायला स्वखुशीचा. ज्यांचा राहिला त्यांची नावं सर परीक्षेच्या आधी वर्गात वाचायचे आणि त्यांना उभं करायचे. सातवीत मी चार दिवस उभी राहिले होते. पाचव्या दिवशी आईने कुणाकडून तरी उसने आणून दिले. माझ्या मुलीला कधी असं उभं राहावं लागू नये, हे मी तेव्हापासून धरून बसले होते. आणि तेच टाळायला ती स्वतःच खोटं बोलून बाजूला झाली होती.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलून घेतली आणि शाळेत गेले. खरं कारण सांगितलं. भारतात जाणार नाही, पैसे नाहीत. इंग्रजीत ते बोलताना माझा आवाज चिरकला. ऑफिसातल्या बाईंनी दार लावलं, पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आमचं चार्जेसचं धोरण वाचलंय का तुम्ही?"

प्रत्येक सरकारी शाळेला असं धोरण लिहून ठेवावं लागतं. चार्जिंग अँड रिमिशन्स पॉलिसी. कशाचे पैसे घेणार आणि कुणाला माफ करणार, ते त्यात असतं. त्यामागे 1996चा शिक्षण कायदा आहे. शाळेच्या वेळेत जे शिकवलं जातं त्याचे पैसे शाळा मागू शकत नाही, फक्त ऐच्छिक वर्गणीचं आवाहन करू शकते. पोहणं तर अभ्यासक्रमातच आहे, प्राथमिक शाळा संपेपर्यंत मुलांना 25 मीटर पोहता यायला हवं. म्हणजे ज्या वर्गणीसाठी मी हीटर बंद ठेवला, ती नाही भरली असती तरी माझा मुलगा तलावात उतरलाच असता. मुक्कामाच्या सहलीचं मात्र वेगळं आहे. राहण्या-जेवणाचा खर्च शाळा रीतसर आकारू शकते. पण मोफत जेवणाला पात्र असलेल्या मुलांना या शाळेच्या धोरणात तो खर्च माफ होता.

"मग मोफत जेवणासाठी अर्ज करा," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "आम्हाला करता येत नाही. आमच्या व्हिसावर लिहिलंय, नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स."

इथे आलेल्या आपल्या बहुतेक लोकांना ही ओळ पाठ असते. सरकारी मदत घ्यायची नाही. घेतली तर पुढचा व्हिसा अडेल, कायमचं राहणं अडेल. आमच्या ओळखीच्यांत तर गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या फूड बँकेतून डाळ आणली तरी लोक घाबरायचे. बाईंनी सांगितलं की अशा कुटुंबांतल्या मुलांनाही मोफत जेवण मिळू शकतं, 2023च्या जानेवारीपासून तो नियम कायमचा झालाय. आम्ही या देशात आलो, तोच महिना! दोन वर्षं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं.

तरी मी लगेच अर्ज केला नाही. नवरा म्हणाला, "व्हिसाला धोका नको." आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर ती म्हणाली, "परक्या मुलखात हात पसरू नको बाई." तीन रात्री झोप नाही. मग मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थेच्या ऑफिसात जाऊन बसले. तिथल्या माणसाने सरकारी यादी समोर ठेवली. कुठली मदत ‘पब्लिक फंड्स’ मानली जाते, ते तिच्यात एकेक करून दिलेलं असतं. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा भत्ता) आहे, चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा भत्ता) आहे, घरभाड्याची मदत आहे. सरकारी शाळेतलं शिक्षण नाही आणि शाळेतलं जेवणही नाही. मी ती यादी दोनदा वाचली, फोनमध्ये फोटो काढला आणि घरी येऊन नवऱ्यासमोर धरला. त्यानेही दोनदा वाचली.

अर्जाचं थोडं सविस्तर सांगते, कारण मी इथेच अडकले होते. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, नेहमीचा ऑनलाइन फॉर्म भरला, नॅशनल इन्शुरन्स नंबर टाकला आणि क्षणात उत्तर आलं : पात्र नाही. माझ्या पोटात खड्डा पडला. नंतर कळलं की ती तपासणी सरकारी भत्त्यांच्या नोंदींवर चालते. आम्हाला भत्ताच नाही, तर नोंद कुठून सापडणार? आमच्यासारख्यांची कागदपत्रं माणसाने बघावी लागतात. मी पुन्हा शाळेत गेले. बाईंनी वेगळा कागदी फॉर्म दिला. त्यासोबत पगाराच्या स्लिपा, बँकेचे कागद आणि व्हिसाची स्थिती दाखवणारा शेअर कोड लागला. तेव्हा लंडनबाहेर दोन किंवा जास्त मुलं असतील तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 26,300 पौंडांपर्यंत चालायचं, एकच मूल असेल तर 22,700.  बचत 16,000च्या वर नको. सांगलीच्या बँकेतली दोन लाखांची ठेवही मी लिहिली. लपवाछपवी मला नको होती.

फॉर्म देताना मी बाईंना म्हटलं, "शाळेवर आमचा भार पडतोय." त्यांनी नकारार्थी मान हलवली. जेवणासाठी नोंद झालेल्या मुलामागे शाळेला सरकारकडून प्युपिल प्रीमियम नावाचा जादा निधी मिळतो, त्या वर्षी प्राथमिक शाळेला एका मुलामागे 1,480 पौंड. पालक लाजून अर्ज करत नाहीत तेव्हा शाळेचंही नुकसान होतं, असं त्या म्हणाल्या. हे कुणी मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! प्रवेशाच्या कागदांत, सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत हे छापायला हवं. ती बारीक ओळसुद्धा पत्राच्या तळाशी नको, पहिली हवी. ज्यांना तिची गरज असते ते आकडा वाचूनच थांबतात, खालपर्यंत पोचतच नाहीत.

तीन आठवड्यांनी होकार आला. दोन्ही मुलांना जेवण मोफत. धाकट्याने पहिल्या शुक्रवारी घरी येऊन फिश अँड चिप्सच्या दिवसाला त्याच्यासाठी काय शाकाहारी होतं, ते अर्धा तास सांगितलं. सहलीचा राहण्या-जेवणाचा खर्च माफ झाला. उरलेल्या ऐच्छिक भागासाठी मी स्वतःहून विचारलं, दर महिन्याला दहा असे चाळीस देऊ का? चालेल म्हणाल्या. ते चाळीस मी दिले. न देण्याचा हक्क होता, पण मला देता येत होते, म्हणून दिले. पुढच्या वेळी नाही जमलं तर शून्य लिहीन. अ‍ॅपवर रक्कम बदलता येते, हेही मला तेव्हाच कळलं.

लेकीशी बोलणं सगळ्यांत अवघड गेलं. तिला वाटत होतं की मी रागावणार. मी तिला सातवीतली गोष्ट सांगितली, वर्गात उभं राहिल्याची. तिने विचारलं, "मग माझंही नाव वाचतील का?" नाही म्हटलं. कुणाचे पैसे आले आणि कुणाचे नाहीत, ते ऑफिसपुरतंच राहतं. कँटीनमध्येही सगळी मुलं एकाच रांगेत उभी राहतात. तिने खात्री करून घ्यायला तीनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी बाईंकडे जाऊन भारताचं खोटं होतं, हे तिने स्वतः सांगितलं.

सामानाच्या यादीत स्लीपिंग बॅग, विजेरी आणि गमबूट होते. शेजारच्या गुजराती बेनच्या नातवाची बॅग मिळाली, गमबूट चॅरिटीच्या दुकानात तीन पौंडांना मिळाले, एक नंबर मोठे. मोज्यांचे दोन जोड घातल्यावर तिला नीट बसले.

जूनमधल्या त्या तीन तारखांवर तिने कालनिर्णयात स्वतः ‘डर्बीशर’ लिहिलं, मराठीत. परत आली ती चिखलाने माखलेली, आवाज बसलेला. दोरीवरून दरी ओलांडली म्हणे. गमबूट बाथरूममध्ये धुताना मी तिला सप्टेंबरपासूनच्या नव्या, माध्यमिक शाळेचं पत्र आल्याचं सांगितलं. ब्लेझर, टाय, पीईचा वेगळा संच. ती ओल्या पायांनीच बाहेर आली, लॅपटॉप उघडला आणि नव्या शाळेच्या वेबसाइटवर चार्जेसचं धोरण शोधून दिलं. जुन्या गणवेशांची विक्री 12 जुलैला आहे, हेही तिनेच वाचून सांगितलं. ती तारीख मी निळ्या पेनाने लिहून ठेवली.